गच्चीवरचं बोलणं

आमच्या आळीत सिमेंटच्या स्लॅबचं घर पहिल्यांदा बांधलं ते आण्णांनी. आण्णा म्हणजे माझे वडील. ते घोडेगावला पंचायत समितीत जीपचे ड्रायव्हर होते. साहेबलोकांना खेड्यापाड्यांतून हिंडवताना ते दुसऱ्यांची घरं बघत राहायचे आणि आपलं घर मनातल्या मनात बांधत राहायचे. आत मोरी, बाहेर जिना आणि वर गच्ची. कळंबमध्ये पुणे-नाशिक रस्त्याच्या अलीकडे आमची बौद्धांची आळी, आणि तिथं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर पत्रेच होते. उन्हाळ्याच्या दुपारी ते तापून कडकड वाजायचे. गच्ची झाल्यावर आईनं ती पहिल्याच हंगामात ताब्यात घेतली. कुरडया, मिरच्या, धुतलेले हुलगे, लग्नघरच्या गोधड्या, सगळं वर. आळीतल्या बायकाही वाळवण घेऊन आमच्याच जिन्यानं चढायच्या, आणि आई त्यांना चहा दिल्याशिवाय खाली सोडायची नाही. एका कोपऱ्यात पाण्याची निळी टाकी होती. टाकीला टेकून उभं राहिलं की एकीकडे हमरस्ता दिसायचा, दुसरीकडे घोडनदीच्या काठच्या बाभळी आणि त्यांच्या पलीकडे ऊस.

घरात आवाजाला तोटा नव्हता. कांद्याचे ट्रक मंचरच्या बाजाराकडे जायचे आणि आमच्या वळणावर त्यांचा ब्रेक फुस्सकन सुटायचा. पहाटे विहारातून वंदना, पाठोपाठ गावातल्या देवळातून भजन, आणि त्या दोन्हींवर आण्णांचं बोलणं. दाढी करताना ते रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायचे. रविवारी शेंगोळी ठरलेली. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचा ठेचा मळून आई तळहातांवर त्याच्या वळ्या करायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. तो वास जिन्यावरून वर जायचा आणि शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून विचारायची, झाली का गं. मग एक वाटी तिकडे जायची. आता येडगावला माझ्या घरी मी शेंगोळी करते, पीठ तेच, लसूण घरचा, पण रस्सा तसा उतरत नाही. सून म्हणते, आई, चव तर छान आहे. तिला काय सांगणार.

माझी थोरली बहीण रंजना. मी तिला ताई म्हणायचे. लोक मेलेल्या माणसाबद्दल जसं बोलतात तशी गुणाची, शांत, सोशिक मुलगी ती नव्हती. ती भांडखोर होती. ताटातली मोठी शेंगोळी ती आधी उचलायची, माझी वेणी घालताना केस मुद्दाम ओढायची, आणि आण्णा कधी जीप घरी आणून किल्ली विसरले तर जीप सुरू करून बघायची. एकदा आण्णांनी तिला पुण्याला नेलं आणि काम आटोपल्यावर विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं करून विमान उतरताना दाखवलं. परत आल्यावर ती जेवली नाही. आईला वाटलं, गाडी लागली असेल. सायन्स शिकायला ताई मंचरला गेली, तिथं तिला कुणीतरी सांगितलं की सरकार आपल्या मुलांना वैमानिक व्हायला शिष्यवृत्ती देतं. त्यानंतर दोन वर्षं आण्णांनी ज्या ज्या साहेबाला जीपमधून फिरवलं, त्या प्रत्येकाला त्या शिष्यवृत्तीबद्दल विचारलं. एक साहेब हसले. एकांनी मदत केली. ताईची निवड झाली.

तेव्हा गावानं आमचं जे कौतुक केलं ते मला आजही आठवतं, आणि आठवलं की तोंड कडू होतं. शाळेच्या मैदानात मांडव घातला. सरपंचांनी ताईला शाल-श्रीफळ दिलं, आण्णांना खुर्चीवर बसवलं आणि माइकवरून सांगितलं की या मुलीनं कळंबचं नाव आभाळात नेलं. ज्यांच्या ओट्यावर आई कधी टेकली नव्हती त्या बायकांनी तिला हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं. त्या दिवशीचा फोटो मोठा करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. आण्णा घोडेगावला जाताना रोज सायकल थांबवून खिडकीतून तो बघायचे.

विमान चालवायला शिकवणारं ते केंद्र पुण्याच्या पलीकडे होतं. ताई तिथं वसतिगृहात राहायची आणि जमेल त्या रविवारी एसटीनं घरी यायची. आल्या आल्या गच्चीवर जाऊन पाय पसरायची आणि मला सगळं सांगायची. इंजिन सुरू झालं की दातही कसे थरथरतात, ढगाच्या कडेला गेलं की पोटात कसा खड्डा पडतो. ‘वरनं बघितलं ना, माये, तर आपली आळी कुठली आन् त्यांची कुठली, काय कळत न्हाई,’ ती एकदा म्हणाली. मी म्हणाले, खाली उतरल्यावर कळतं. ती खूप हसली. तिच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, मोकाशी सर. तिचे शिक्षक. तिच्याबरोबर विमानात शेजारी बसून शिकवणारे. आधी सैन्यात होते, रागीट होते, पण चूक केली की नंतर समजावून सांगायचे. बाकीचे शिकाऊ बहुतेक पैसेवाल्यांचे मुलगे, ते ताईच्या इंग्रजीला हसायचे. सरांनी एकदा त्यातल्या एकाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, की विमान काय तुझं इंग्रजी ऐकून उडतं का. ही गोष्ट आण्णांनी आळीत घरोघर सांगितली.

एका रविवारी ताई सरांनाच घेऊन आली. ते जुन्नरला कुणाकडे तरी आले होते आणि वाटेत आमच्याकडे जेवायला थांबले. आईची तारांबळ उडाली. ती ताईला आत ओढून म्हणाली, अगं, हे आपल्यात जेवतील का, आधी सांगायचंस तरी. सरांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी बूट काढले, मोरीत हात धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. दोनदा रस्सा मागून घेतला. कपाळावर घाम आला तरी थांबले नाहीत. उंच, सावळे, कानाजवळचे केस पिकलेले, आणि हसताना मान मागे टाकायची सवय. आईला हा माणूस किती आवडला हे मला तेव्हाच कळलं, कारण तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेलं तूप काढलं.

जेवण झाल्यावर आण्णांना जीप घेऊन शिनोलीला साहेबांच्या दौऱ्यावर जायचं होतं, ते गेले. मी भांडी घेऊन नळावर बसले. आई सरांना आणि ताईला गच्ची दाखवायला वर गेली. तिघंच होती. तिथं काय बोलणं झालं ते आईनं त्याच संध्याकाळी मला आणि आण्णांना सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस तिनं दुसरं काही सांगितलंच नाही. सर टाकीवर हात आपटून म्हणाले होते, की आई, ही निळी टाकी वरून चांगली दिसेल. बुधवारी आम्हाला सरावासाठी याच बाजूला यायचं आहे. तुम्ही इथं उभ्या राहा, मी तुमच्या मुलीला तुमच्या डोक्यावरून नेतो. ताई म्हणाली होती, सर, तेवढं खाली यायला परवानगी नाही. सर म्हणाले, माझ्या शेजारी बसलीस की परवानगी मी देतो. आई म्हणाली होती, लई खाली नका आणू बाबा, उंच असलं तरी आमाला दिसतंय. आणि सर मान मागे टाकून हसले होते.

बुधवारी आई सकाळपासून गच्चीवर होती. कुरडयांचं निमित्त होतं. आण्णा कामावर गेले होते, मी कॉलेज बुडवून घरी राहिले. ही गोष्ट पोटात ठेवणं आईला जमलं नव्हतं, त्यामुळे खाली आळीतही बरीच माणसं बाहेर येऊन उभी होती, आणि शाळेतल्या मास्तरांनी पोरांना मैदानात आणलं होतं. आधी आवाज आला. लहान, पांढरं, दोन माणसांचं विमान जुन्नरच्या बाजूनं आलं आणि आमच्यावरून गेलं, बरंच उंच. पोरांनी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं. आईनं आपली लाल चादर दोन्ही हातांनी हलवली. ते पुढे जाऊन वळलं आणि परत आलं. या वेळी खूप खाली. मला त्याची चाकं दिसली, खिडकी दिसली, खिडकीत कुणीतरी हात वर केलेला दिसला. तो ताईचा होता की सरांचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मग ते नदीकडे गेलं आणि तिथं बाभळींवर वळायला लागलं. एक पंख जमिनीकडे आणि एक आभाळाकडे असं उभं झालं. आणि ते वळलं नाही. खालचा पंख तसाच खाली गेला, जणू कुणी खालून ओढला. बाभळींच्या मागे गेल्यावर आवाज थांबला. आधी काहीच झालं नाही. मग धूर वर आला.

आईच्या हातातली चादर अजून वरच होती. तिनं मला विचारलं, ‘उतारलं का गं?’

मी जिना कसा उतरले, नदी कुठून ओलांडली, आठवत नाही. उसात पोचले तेव्हा तिथं माणसं जमली होती आणि कुणी जवळ जाऊ शकत नव्हतं. ऊस पेटला होता. आण्णा जीप घेऊन आले, कारण घोडेगावला फोन गेला तो एवढाच, की कळंबला विमान पडलंय. सरकारी जीप शेताच्या बांधावर तशीच सोडून ते चालत आले. कुणीतरी त्यांना धरायला गेलं तर त्यांनी त्याचा हात शांतपणे बाजूला केला. मंचरच्या दवाखान्यात रात्री त्यांनी ताईला ओळखलं. सरही तिच्याबरोबरच गेले होते. आईला आणि मला त्यांनी आत येऊ दिलं नाही. आजकाल लग्नात ड्रोन फिरवतात, नवरा-नवरीच्या डोक्यावरून घरघर करत जातं ते. मी मांडवातून उठून आत जाते. माणसांना वाटतं, काकूंना रक्तदाब आहे.

पुढे जे झालं ते पडण्यापेक्षा वाईट होतं, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण मला तसंच वाटतं. पेपरात आलं, की गावकऱ्यांना कसरती दाखवण्याच्या नादात शिकाऊ तरुणीनं विमान खाली आणलं. त्या केंद्राच्या मालकांनी तसं सांगितलं होतं. मुलगी हट्टी होती, सरांचं ऐकलं नसणार, असं. गावात आधी हळू आणि मग मोठ्यानं बोलणं सुरू झालं. बाईमाणसाच्या हातात विमान दिलं कुणी. पोरीला चढली व्हती. फुकटचं शिक्षान घेतल्यावर आसंच व्हनार. हे शेवटचं वाक्य मी किराणा दुकानात उभी असताना माझ्यामागे बोललं गेलं, आणि बोलणारी बाई सत्काराच्या दिवशी आईचा हात धरणाऱ्यांतली होती. चौकशीसाठी मुंबईहून साहेब येणार असं कळलं, तेव्हा आण्णा घरोघर फिरले. विमान आधी उंचावरून गेलं, मग खाली आलं, हात हलवला, जे बघितलं तेवढंच सांगा म्हणाले. लोकांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं की आमी त्या येळंला रानात व्हतो. मास्तर म्हणाले, शाळेचं नाव मध्ये आणू नका. अख्खं गाव त्या दिवशी मान वर करून उभं होतं, आणि कुणी काही बघितलं नव्हतं.

आण्णा मात्र खचले नव्हते. गावाची त्यांना तितकी गरज नव्हती. त्यांच्याकडे आई होती. सरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की मी तिला खाली आणतो, परवानगी मी देतो. हे ऐकणारं जिवंत माणूस एकच होतं. ‘तू फक्त जे झालं ते बोल,’ ते तिला सांगायचे. ‘बाकी मी बघतो.’ आई मान डोलवायची. ती त्या दिवसांत फार बोलत नव्हती, पण हे बोलायला ती तयार होती. तिनं मला एकदा विचारलंही होतं, की साहेबाम्होरं सरांचं नाव कसं घ्यायचं, सर म्हणायचं का मोकाशी साहेब.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या दारात एक जीप थांबली. तिच्यातून फिकट साडीतल्या एक बाई उतरल्या. ड्रायव्हर आतच बसून राहिला. मोकाशी सरांच्या बायको. आण्णा घरी नव्हते. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तिनं उठायचं केलं तर त्या म्हणाल्या, बसा, आणि आपणच भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. मी दारात उभी होते. मला जायला कुणी सांगितलं नाही. आई भाकरी थापत राहिली. मग त्यांनी सांगितलं, की केंद्राच्या मालकांनी त्यांना ऑफिसात नोकरी द्यायचं कबूल केलं आहे आणि क्वार्टर ठेवू देणार आहेत, पण सरांची चूक निघाली नाही तरच. चूक निघाली तर केंद्रच बंद होईल, मग कसली नोकरी. जीपही त्यांनीच दिली होती. त्या रडल्या नाहीत. एखादी अडचण नीट समजावून सांगावी तसं बोलत होत्या.

‘मला माहीत आहे ते कसे आले,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी मला सांगूनच निघाले होते. आज रंजनाच्या आईला विमान दाखवून येतो म्हणाले. उद्या तुम्ही तेच सांगितलंत तर ते खरंच असेल. मी तुम्हाला खोटं ठरवणार नाही. पण मला मुलांना घेऊन जायला जागा नाही.’

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. ‘पोरं केवढी हायेत?’ तिनं विचारलं.

थोरला नुकताच शाळेत जायला लागला होता. धाकटी अजून नीट बोलत नव्हती, ती वडील कुठे म्हणून रोज दार उघडून बघत होती. आईनं ताट घेतलं, त्यात भाकरी ठेवली, कालवण वाढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. ‘जेवा,’ ती म्हणाली. ‘त्ये बी हितंच बसून जेवलं व्हतं.’ आणि त्या बाई जेवल्या. मला त्याचा अजून राग येतो. जी मागायला आली होती ती माझ्या बहिणीच्या घरात बसून ताट पुसून जेवली. त्या गेल्यावर मी आईला विचारलं, तू उद्या काय करणार आहेस. ती म्हणाली, भांडी घास.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत टेबल मांडलं होतं. साहेब सभ्य होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि विचारलं की मोकाशी सर तुमच्या घरी आले होते तेव्हा त्या उड्डाणाबद्दल काही बोलले होते का.

‘इमानाचं काय बोललं न्हाईत,’ आई म्हणाली. ‘जेवान चांगलं झालं म्हनले.’

आण्णा मागे उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, साहेब, ही खोटं बोलती. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. मग मी बोलले. मी सगळं सांगितलं, निळी टाकी, बुधवार, परवानगी मी देतो, सगळं, आणि आदल्या दिवशी कोण आलं होतं तेही. साहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘गच्चीवर तू होतीस का?’ मी म्हणाले, नाही, आईनं सांगितलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होती. लिहून घेणाऱ्या माणसानं पेन खाली ठेवलं. कसल्या बाईंची भेट, साहेब म्हणाले, त्या तर म्हणतात मी कळंबला कधी गेलेच नाही. तेव्हा मला कळलं की त्या बाईंना त्याच सकाळी, आमच्या आधी, विचारून झालं होतं. खोटं ठरवणार नाही म्हणाल्या होत्या ना. सरपंच दाराशी उभे होते, ते हळूच म्हणाले, जाऊ द्या साहेब, दुखातली मानसं हायेत.

घरी आल्यावर आण्णांनी दार लावून घेतलं. मला वाटलं ते आईवर हात उचलतील. त्यांनी कधी उचलला नव्हता आणि तेव्हाही उचलला नाही. ते उभ्या उभ्या म्हणाले, ‘तू माझी पोर दुसऱ्यांदा जाळलीस.’ आवाज अगदी साधा होता. त्यानंतर ते आईशी बोलले नाहीत. लोक म्हणतात तसं, चार दिवस, वर्षभर, असं नाही. कधीच नाही. जेवायला हवं असेल तर मला सांगायचे, माया, तिला म्हणावं वाढ. आई समोर असायची आणि मला सांगायचे. दुसऱ्या दिवशी ते त्या केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन आले, त्यांना आत सोडलं नाही. काही महिन्यांनी निकाल आला. शिकाऊ वैमानिकेनं शिक्षकाच्या सूचनेविरुद्ध विमान खाली आणलं, असा. कुणातरी ओळखीच्या साहेबानं त्यांना तो मराठीत समजावून सांगितला. त्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फोटो रंगकामासाठी म्हणून काढला, तो परत लावला नाही. आण्णांनी घोडेगावला जायचा रस्ता बदलला नाही, फक्त सायकल थांबेनाशी झाली.

माझं लग्न येडगावला झालं. मी गेल्यावर त्या दोघांमध्ये बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा आण्णा भिंतीला सांगायचे. चहा पाहिजे, असं भिंतीकडे बघून म्हणायचे आणि आई चहा आणायची. माहेरी गेले की मला तो आवाज सहन व्हायचा नाही, आणि कळंबला धरणासारखी शांतता साठलेली असताना मला येडगावला धरणाच्या काठी बरं वाटायचं. आई मात्र बदलली नाही. कुरडया घालायची, शेजारी वाटी पाठवायची, रविवारी शेंगोळी करायची. आण्णा ती खायचे. मला दोघांचाही राग यायचा. आण्णा गेले तेव्हा शेवटचं पाणी आईनंच पाजलं. मी वाट बघत होते की ते काहीतरी म्हणतील. ते पाणी प्यायले, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मोकाशी बाई मला पुन्हा एकदाच दिसल्या, पुण्यात एका लग्नात. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी लग्न. केस पांढरे झाले होते, बरोबर उंच मुलगा होता, सावळा. कुणीतरी सांगितलं की तो डॉक्टर आहे, आणि मुलगी परदेशात. त्यांनी मला ओळखलं. मला ते कळलं, कारण त्या बोलता बोलता थांबल्या, पदर सावरला, आणि मग मुलाचा हात धरून दुसऱ्या बाजूच्या रांगेत जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही. जाऊन काय विचारणार होते? मुलगा एकदा हसला, काहीतरी गंमत झाली असेल, आणि त्यानं मान मागे टाकली.

आण्णांनंतर आईला मी येडगावला आणलं. शेवटपर्यंत ती माझ्याकडेच होती. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती पडवीत लसूण सोलत बसली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लग्नात त्या बाई दिसल्या होत्या, मुलगा डॉक्टर झालाय, त्यांनी आपल्याला ओळखही दाखवली नाही, हे सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तिनं विचारलं, ‘आन् पोरगी?’ मी म्हणाले, परदेशात आहे. तिनं मान डोलवली. मग मी म्हणाले, आई, ताईच्या नावाला तो डाग तसाच राहिला, तुला काहीच वाटत नाही का.

‘रंजी मला इचारायला येनार नव्हती,’ ती म्हणाली. ‘ती बाई आली व्हती.’

मी म्हणाले, आणि आण्णा? ते तर घरातच होते. ते विचारत होते. त्यावर तिचे हात थांबले. तिचा आवाज कधी नव्हे तो चिरका झाला.

‘तुज्या आन्नांना पोरगी निर्दोष पायजे व्हती,’ ती म्हणाली. ‘मला जित्ती पायजे व्हती. ती काय साहेब देनार व्हता?’

ती परत लसूण सोलायला लागली. मला ते आजही पटलेलं नाही. आई त्याच वर्षी गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कळंबची पुष्कळ माणसं आली, आईच्या मायाळूपणाबद्दल बोलली, ताईचं नाव कुणी काढलं नाही. आता सर नाहीत, ताई नाही, आई नाही, आण्णा नाहीत. त्या रविवारी गच्चीवर काय बोलणं झालं ते सांगणारी मी एकटी उरले आहे, आणि मी तिथं नव्हते.